आईच्या नावाचा डबा

डबा मंगळवारी परत आला, टपालाने. खाकी कागदात गुंडाळलेला, आणि वरून चिकटपट्टीचे इतके वेढे की सोडवायला स्वयंपाकघरातली कात्री घ्यावी लागली. पाठवणाऱ्या बाईंनी वरच्या कस्टमच्या चिठ्ठीवर 'जुनं भांडं, किंमत काही नाही' असं लिहिलं होतं. ते वाचून मी चिडले. मग डबा हातात घेतला, झाकणावर बारीक ठिपक्यांत कोरलेलं आईचं नाव अंगठ्याला लागलं, आणि मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले.

सोबत लहानसं पत्र होतं. मला लिहायला शिकवणाऱ्या सरांच्या बहिणीचं, अमेरिकेहून. "माझा भाऊ गेल्या हिवाळ्यात वारला. हा डबा तुम्हाला पाठवायचा, असं त्याने मला तीनदा बजावलं होतं. रिकामा पाठवू नकोस, असंही म्हणाला होता. आत जे आहे ते त्यानेच ठेवलं आहे, मी उघडून पाहिलेलं नाही. झाकणावर काय लिहिलंय ते मात्र कळवाल का? आमच्याकडे कुणालाच वाचता आलं नाही."

मी डबा उघडला नाही. हलवून पाहिला. आत काहीतरी लहानसं खुळखुळलं, आणि त्यासोबत कागदाची सळसळ झाली. कागद आहेत म्हणजे पानं असणार, आणि पानं असली की वाचावी लागणार. सरांची पानं वाचून मी एकदा जे केलं होतं ते आठवून मी डबा परत ओट्यावर ठेवून दिला.

तीन दिवस डबा ओट्यावरच होता. मंदार, माझा नवरा, ऑफिसला जाताना म्हणाला, "अगं, उघड की. चार वर्षं वाट बघितलीस ना त्याची?" आमची ईरा पंधरा वर्षांची, ती फोनमधून मान न काढता म्हणाली, "आई, यू सो ड्रामा लाह. इट्स जस्ट अ डब्बा." शेवटी शुक्रवारी दुपारी मी तो कापडी पिशवीत घातला, टॅम्पिनीसहून एमआरटी, म्हणजे इथली सिंगापूरची मेट्रो, पकडली आणि बुओना व्हिस्टाला आले. आम्ही पूर्वी इथे राहत होतो. रस्त्याच्या या बाजूला आमचा भाड्याचा फ्लॅट, आणि पलीकडे विद्यापीठाच्या प्राध्यापकांची चार मजली, बिनलिफ्टची जुनी इमारत. तिसऱ्या मजल्यावर सर राहायचे.

इमारत अजून आहे, पण तिच्याभोवती हिरवे पत्रे ठोकलेत. आत कुणी राहत नाही. सरांच्या खिडकीची काच फुटलेली दिसते. समोरच्या मोठ्या झाडाखालचा सिमेंटचा बाक मात्र तसाच आहे. मी त्यावर बसले, डबा मांडीवर घेतला आणि बराच वेळ नुसतीच बसून राहिले.

*

मी सिंगापूरला आले तेव्हा मेट्रोची सर्कल लाईन नवी कोरी होती आणि मी अगदीच बिनकामाची होते. साताऱ्यात एका सहकारी बँकेत अकरा वर्षं नोकरी केलेली बाई, इथे डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या आधाराने. मंदार सकाळी ऑफिसला, ईरा शाळेत, आणि मी दिवसभर घरातल्या फरश्या पुसत बसायची. एवढ्या फरश्या मी उभ्या जन्मात पुसल्या नव्हत्या. मग कुणीतरी सांगितलं, विद्यापीठात शनिवारी दुपारी लेखनाचा वर्ग असतो, बाहेरच्यांनाही घेतात. मी गेले ती निव्वळ एसीत बसायला मिळेल म्हणून.

सर उंच होते, जरा पोक काढून चालणारे. भुवया पांढऱ्या, दाट. अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम दोन-तीन पेन्सिली, आणि लिहिण्याआधी टोक जिभेला लावायची सवय. अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी एक कादंबरी लिहिली होती. बापाच्या बियाण्यांच्या दुकानाची गोष्ट. ती अमेरिकेतल्या कॉलेजांत अजून शिकवतात. दुसरी कादंबरी चार माणसांनी वाचली, "त्यातली एक माझी आई," असं तेच सांगायचे. तिसरी छापलीच गेली नाही. त्यानंतर मात्र पस्तीस वर्षं शिकवणं, या विद्यापीठातून त्या विद्यापीठात, पुस्तकांचे तेच खोके घेऊन. एका बदलीच्या वेळी बायको म्हणाली, या वेळी तू एकटाच जा. ते गेले. खोके कमी झाले नाहीत, असं सांगून ते हसायचे, पण आपल्याला हसू यायचं नाही.

त्यांच्या शिकवण्याची तऱ्हा वेगळीच होती. पहिल्याच दिवशी म्हणाले, ज्या भाषेत आईशी भांडता त्या भाषेत एक पान लिहून आणा. मग ते पान आम्ही मोठ्याने वाचायचं. चिनी, तमिळ, मलाय, मराठी. त्यांना एक अक्षर कळायचं नाही. डोळे मिटून, पेन्सिल टेबलावर आडवी धरून बसायचे, आणि मध्येच पेन्सिल वाजवायचे. टक. म्हणजे इथे थांब. इथे तुझा आवाज पळाला. माणूस लपवाछपवी करायला लागला की आवाज पळतो, मग भाषा कुठलीही असो.

मी आईच्या स्वयंपाकघराबद्दल लिहून नेलं होतं. पितळी डबे, खलबत्ता, शेंगदाण्याचं कूट, सगळं साग्रसंगीत. अगदी शेवटी एक ओळ होती की आई दवाखान्यात होती आणि मी सिंगापूरचं सामान बांधायला घरी गेले. ती ओळ मी वाचली आणि टक.

"इथे काय आहे?" सरांनी इंग्रजीत विचारलं. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीतच चालायचं.

"काही नाही सर. साधं वाक्य आहे."

"मग परत वाच. हळू."

मी हळू वाचलं आणि सात अनोळखी माणसांसमोर ढसाढसा रडले. विमानाचं तिकीट मी पुढे ढकललं नव्हतं. आई त्यानंतर नऊ दिवसांनी गेली. हे मी मंदारलासुद्धा धड सांगितलेलं नव्हतं. सरांनी खिशातला रुमाल पुढे केला, त्याला पेन्सिलच्या भुशाचा वास येत होता. म्हणाले, "आता पुढच्या शनिवारी फक्त त्या नऊ दिवसांबद्दल लिही."

मी लिहिलं. त्यानंतर मला रात्रीची झोप लागायला लागली. त्या माणसाचं माझ्यावर एवढं ऋण होतं, आणि ते मी कसं फेडलं ते सांगायलाच आज इथे येऊन बसले आहे.

*

डब्याची सुरुवात खिचडीने झाली. एका शनिवारी सर तापाने फणफणलेले होते, वर्ग रद्द झाला. मी मुगाची खिचडी केली, वर तूप सोडलं आणि आईचा डबा घेऊन रस्ता ओलांडला. हा डबा आईने साताऱ्याच्या भांड्यांच्या दुकानातून घेतला होता. नाव घालणारा माणूस दुकानाच्या पायरीवर मशीन घेऊन बसायचा, टर्रर्र आवाज करत एकेक ठिपका पाडायचा. 'सौ. सुमती' एवढं कोरून झाल्यावर आई म्हणाली होती, पुढे आडनाव नको, उगाच झाकण भरून जाईल.

आठवड्याने सर डबा परत द्यायला आले. लख्ख घासलेला, लिंबाच्या साबणाचा वास येणारा आणि रिकामा. मी चेष्टेने म्हटलं, "सर, आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत हं. निदान चिमूटभर साखर तरी घालतात."

त्यांचे कान लाल झाले. "साखर नाही माझ्याकडे. मधुमेह आहे."

पुढच्या वेळी मी थालीपीठ दिलं. डबा परत आला तेव्हा आत पिवळ्या कागदाची तीन पानं होती, चौघडी करून ठेवलेली. पेन्सिलीने लिहिलेली. वर लिहिलं होतं, 'साखरेऐवजी.'

ती त्यांच्या नव्या कादंबरीची पहिली पानं होती. गोठलेल्या नदीकाठचं गाव, बियाण्यांचं दुकान, दोन भाऊ. धाकटा भाऊ सात वर्षांचा असताना बर्फ फुटून नदीत गेला, हे सरांच्या आयुष्यात खरोखर घडलेलं होतं. पहिल्या, गाजलेल्या कादंबरीत त्यांनी बाप लिहिला, आई लिहिली, दुकानातले उंदीरसुद्धा लिहिले, आणि भाऊ गाळून टाकला. चाळीस वर्षांनी आता त्याच्याबद्दल लिहायला बसले होते.

एका दुपारी हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांपाशी बिनदुधाची, बिनसाखरेची कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत त्यांनी मला स्पष्टच विचारलं. "माझ्याकडे आता एकाच पुस्तकापुरता वेळ आहे. मला एक खरं बोलणारं माणूस हवंय. तू माझं काही वाचलेलं नाहीस, तुला माझी भीड नाही. जिथे मी पळेन तिथे टक करायचं. करशील?"

मी म्हटलं, "हो सर." किती सहज म्हणून गेले!

*

ते दिवस आठवले की आधी वास येतात. मेथीच्या भाजीला दिलेल्या लसणीच्या फोडणीचा. सरांच्या जिन्यातल्या ओलसर भिंतींचा. लिटल इंडियातून आणलेल्या ज्वारीच्या पिठाचा, जे सहसा जुनं निघायचं आणि भाकरी मोडायची, पण सरांना त्यातलं काही कळत नसल्यामुळे माझी इज्जत शाबूत राहायची. बुधवारी डबा जायचा, शनिवारी यायचा. मी दार लावून घ्यायची, कुकर चढवायची आणि शिट्ट्यांच्या मध्ये पानं वाचायची. बाहेर बत्तीस अंश, अंगाला घाम, आणि पानात नदी गोठत असायची. गोठताना ती कण्हते, हे मला सरांच्या पानांतून कळलं. मी बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलेला. तरी माझी बोटं गार व्हायची.

इथे ऋतू नाहीत असं आपले लोक म्हणतात. मला तर ते डब्यात दिसायचे. डिसेंबरच्या पावसात पानं दमट यायची, पेन्सिल फिकट व्हायची. चिनी नववर्षाला पानांवर दोन संत्री बसलेली असायची, कारण शेजारच्या प्राध्यापक बाईंनी सरांना दिलेली, आणि त्यांना गोड चालायचं नाही. उग्र वासाच्या ड्युरियन फळाच्या दिवसांत खालच्या मजल्यावरचं कुटुंब जिन्यातच फळ फोडायचं. मग डबा उघडला की ईरा नाक धरून ओरडायची, "आई, अंकलचं होमवर्क स्टिंक्स!" मंदार म्हणायचा, "तू आमटीत घालतेस तरी काय? दर आठवड्याला माणसाची कादंबरी पुढे सरकतेय. मला दे जरा, माझं प्रोजेक्ट अडलंय."

गणपतीला सर आमच्याकडे जेवायला आले. मांडी घालून बसताना दोन्ही गुडघे मोडल्यासारखे वाजले. आरतीला टाळ हातात घेऊन उभे राहिले, चुकीच्या जागी वाजवत, डोळे मिटून. नंतर मोदकाचा कण तोंडात घालत हळूच मला म्हणाले, "पहिलं कडवं सगळ्यांना येतं. तिसऱ्यात सगळे पुटपुटतात. फक्त तुझा नवरा जोरात चुकतो." आम्ही हसून हसून बेजार झालो. मंदारने तेव्हापासून आरतीचं पुस्तक हातात धरायला सुरुवात केली, ते अजून धरतो. असा कान होता त्या माणसाचा, आणि त्या कानापुढे मी दोन वर्षं खोटं बोलले.

*

शेजारच्या बेटावरची जंगलं जळाली आणि धूर इथवर आला, ते वर्ष. सूर्य दुपारीसुद्धा तांबडा दिसायचा. शाळेला सुट्टी पडली, फार्मसीत मास्क संपले. सर खिडक्या बंद करून बसायचे, तरी त्या जूनमध्ये पानांना जळकट वास यायचा. आणि त्याच पानांत भाऊ नदीकडे निघाला.

मी श्वास धरून वाचत होते. बूट, टोप्या, खिशात जॅम लावलेला पाव. पान उलटलं आणि एकदम चर्च आलं, काळे कपडे, शवपेटी. मधलं काहीच नव्हतं. बर्फाबद्दल चार फार सुंदर वाक्यं होती, आणि पोरगा कुठेच नव्हता. मला वाटलं, पुढच्या डब्यात येईल. पुढच्या डब्यात आईचं दुःख आलं, त्याच्या पुढच्यात बापाचं. सगळं नीटनेटकं, काचेच्या कपाटात मांडून ठेवल्यासारखं. तिथे टक करायला हवं होतं. मला ते कळलं होतं. त्यांनीच मला ते शिकवलं होतं.

शनिवारी त्यांचा फोन आला. "वाचलंस?"

मी गॅसपाशी होते. मोहरी तडतडत होती, हिंग करपेल या घाईत मी फोन खांद्याला लावून, फोडणीकडे बघत म्हणाले, "छान आहे, सर."

"पळालो नाही ना कुठे?"

"नाही नाही. छान झालंय."

एकदा म्हटल्यावर पुढे ते सोपं होत गेलं. मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. माणूस एकटा आहे, त्यात मधुमेह, डोळे अधू होत चाललेले, रोज चार ओळी लिहितो तेवढ्याच. पण खरं कारण निराळं होतं. ती पानं डब्यातून यायची. आमच्या घरी डब्यातून आलेल्या पदार्थाला नावं ठेवायची नाहीत. शेजारच्या काकूंची उसळ खारट ढोण असली तरी आई डबा परत देताना म्हणायची, "काय सुरेख झाली होती हो!" आणि काकूंचा चेहरा उजळायचा. मी तेच करत गेले. त्यांनी खरं बोलणारं माणूस मागितलं होतं आणि मी त्यांना चांगल्या वळणाची शेजारीण दिली.

*

सिंगापूर देशाच्या पन्नाशीचं वर्ष होतं. प्रत्येक ब्लॉकच्या गॅलरीतून झेंडे लटकत होते. सरांचं विद्यापीठातलं कंत्राट संपत आलं होतं आणि कादंबरीही संपली होती. न्यूयॉर्कमधल्या जुन्या संपादकाने वाचायचं कबूल केलं होतं. शनिवारी दुपारी त्यांनी मला घरी बोलावलं. खोके पुन्हा बाहेर निघाले होते. टेबलावर पिवळ्या पानांचा वीतभर गठ्ठा.

"सोमवारी टाईप करायला देतो," ते म्हणाले. "त्याआधी मधली थोडी पानं मोठ्याने वाच. मला माझ्या कानाने ऐकू दे."

त्यांनी नेमका तो भाग काढून दिला. खुर्चीत मागे टेकले, डोळे मिटले, पेन्सिल टेबलावर आडवी धरली. पंखा फिरत होता. मी वाचायला लागले. बूट, टोप्या, जॅम लावलेला पाव. तिथवर बरं गेलं. मग चर्च आलं.

टक.

मी थांबले. त्यांनी डोळे उघडले नाहीत. "वाच."

मी वाचलं. जितकं सावरायला बघत होते तितका आवाज पळत होता. टक. पुढच्या परिच्छेदात टक. त्याच्या पुढच्यात पुन्हा. शेवटी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, कारण प्रत्येक ओळीवर ती वाजवावी लागली असती.

"किती दिवसांपासून माहीत आहे तुला?"

खाली रस्त्यावर बस थांबली, निघाली.

"धुराच्या वर्षापासून," मी म्हणाले.

"दोन वर्षं."

"सर, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट वाटून घ्यायला माझ्याकडे तेव्हा वेळ होता गं," ते म्हणाले. आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मग उठून त्यांनी दोन कप कॉफी केली, माझ्यात आठवणीने दोन चमचे साखर घातली. ती त्यांनी पाहुण्यांसाठी आणून ठेवली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

कादंबरी त्यांनी पाठवली नाही. मी मात्र डबे पाठवत राहिले, जणू काही झालंच नाही. ते डबा वेळेवर परत करायचे. लख्ख घासलेला, लिंबाचा वास येणारा, रिकामा. प्रत्येक वेळी मी झाकण उघडून आत बघायची. पाच शनिवार असे गेले.

जायच्या दिवशी मी प्रवासासाठी दशम्या करून नेल्या. टॅक्सी खाली उभी होती. सर डब्याकडे बघत म्हणाले, "माझ्याकडे आत घालायला काही नाही."

"मग असू दे तुमच्याकडेच. असेल तेव्हा पाठवा."

त्यांनी झाकणावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. डबा बॅगेत न टाकता हातात घेऊनच ते टॅक्सीत बसले. माझ्या आईच्या नावाचा डबा एका म्हाताऱ्या अमेरिकन माणसाच्या मांडीवर बसून चांगी विमानतळाकडे गेला. मी या झाडाखाली उभी होते. क्षमा मागायची ठरवून आले होते, आणि म्हणाले काय, तर "गोळ्या वेळेवर घ्या."

त्यानंतर चार वर्षांत त्यांची तीन ईमेल आली. बहिणीकडे राहतोय. डोळ्याचं ऑपरेशन झालं. नदी या वर्षी लवकर गोठली. पुस्तकाचा उल्लेख नाही. मीही विचारलं नाही. आम्ही टॅम्पिनीसला राहायला गेलो, ईराने मराठीत उत्तरं देणं सोडलं, आणि मी स्वतःचं लिहिणं कपाटात ठेवून दिलं. दुसऱ्याच्या पानावर जिला खरं बोलवत नाही तिने स्वतःच्या पानावर काय खरं लिहायचं?

*

पत्र्याआडच्या कामावरचे दोन मजूर जेवून झाडाखाली आडवे झाले होते. मी डब्याचं झाकण उघडलं. ते थोडं घट्ट बसलं होतं, आईच्या हातून नेहमी बसायचं तसं.

आत दोन इंचांची पेन्सिल होती, मागच्या टोकाला दातांच्या खुणा असलेली. तीच खुळखुळत होती. खाली पिवळी पानं, चौघडी केलेली. अक्षर पूर्वीपेक्षा मोठं, वाकडं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. वर लिहिलं होतं, 'मोठ्याने वाच. पळालो असेन तिथे टक कर. या वेळी भीड नको.'

अकरा पानं होती.

मी मोठ्याने वाचायला लागले. एका मजुराने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि कूस बदलली. त्या सकाळपासून सुरुवात होती. बूट, टोप्या, पाव. नदीचा काठ. धाकटा पुढे धावतो, काठाशी थांबतो आणि वळून मोठ्या भावाला विचारतो, बर्फ पक्का आहे का रे? मोठा दहा वर्षांचा. रोज सकाळी काठीने ठोकून बघायचं काम बापाने त्याला दिलेलं. त्या दिवशी त्याने बघितलेलं नाही. तो बुटाची नाडी बांधतोय. मान वर न करता तो म्हणतो, हो, आहे. जा.

मी तिथे थांबले. मला मोहरी तडतडताना ऐकू आली. खांद्यावर फोन, नजर फोडणीत, मान खाली. छान आहे, सर.

डोळे पुसून मी पुढे वाचलं. आवाज फुटत होता, पण पळाला नाही. पळायला त्यांनी कुठे जागाच ठेवली नव्हती. नदीत गेलेलं ते पोर अकराही पानांत जिवंत होतं. पाव खात होतं, नाक पुसत होतं, भावाला हाका मारत होतं. पेन्सिल माझ्या हातात होती, ती मला एकदाही वाजवावी लागली नाही. अकराव्या पानावर मोठा भाऊ बर्फावर पोटावर झोपून हात पुढे करतो, आणि तिथे वाक्य अर्धंच राहिलंय.

धुराच्या वर्षी मी एकदा टक केलं असतं, तर ही पानं तेव्हाच आली असती. तेव्हा त्यांचे डोळे बरे होते, हात स्थिर होता, पुढचं सगळं पुस्तक लिहायला वर्षं होती. माझ्या चांगुलपणाने ती वर्षं खाल्ली. हे मला आता कुणी खोडून दाखवू नये.

"छान आहे, सर," मी त्या फुटक्या खिडकीकडे बघून म्हणाले. पहिल्यांदाच खरं बोलले, आणि ऐकायला खिडकीत कुणी नव्हतं.

घरी आल्यावर डबा घासून पालथा घातला. मग सरांच्या बहिणीला पत्र लिहायला बसले, सरांच्याच पेन्सिलीने. लिहिलं की झाकणावर माझ्या आईचं नाव आहे, तिला हा डबा इतक्या दूर जाऊन आल्याचं फार अप्रूप वाटलं असतं. पानं मिळाली. सगळी वाचली, मोठ्याने. अकरा आहेत, शेवटचं वाक्य अर्धं आहे. त्यांच्या टेबलाच्या खणात, कोटाच्या खिशात, उशीखाली कुठे बारावं पान राहिलंय का, ते कृपा करून पुन्हा एकदा बघाल का? नसणार, हे मला माहीत आहे. तरी बघा.